सातची ओळ

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं वेंडेल ऑस्टबी सदतीस वर्षं स्वतःला सांगत आला होता. पण राहून जाणं वेगळं आणि न देणं वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतलेला माणूस तो. स्वतःची चूक त्याला कशी दिसली नसती?

पत्र पेन्सिलीने लिहिलेलं होतं, १९८८च्या ऑक्टोबरातलं. ‘महाशय, तुमच्या "बारा घाट" या खेळात नदी ओलांडताना आम्ही दोन फासे टाकले. बेरीज सात आली. पुस्तकात सहा आहे, आठ आहे, सात नाहीच. माझा भाऊ कर्ट सोमवारी नौदलात जातोय. तुमचं उत्तर आल्याशिवाय होडी हलवायची नाही, असं आमचं ठरलंय. कृपया लवकर कळवा. सोबत लिफाफा आहे. लॉर्ना हास्केल, वय अकरा, अ‍ॅशलंड.’

लिफाफ्यावर तिने स्वतःचा पत्ता घालून तिकीटही लावलं होतं. पोस्टमनने चुकू नये म्हणून पत्त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"ऑस्टबी, सही करतोयस की पेन उबवत बसलायस?"

गेल प्रिट्झलाफचा आवाज असा की वाचनालयाच्या तळघरातल्या खुर्च्याही सरळ होऊन बसाव्यात. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून तिने तो कमावला होता. तिने रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्यांचा डबा वेंडेलपुढे सरकवला. "खा आधी. रिकाम्या पोटी माणूस फार विचार करतो."

"वाचतोय," वेंडेल म्हणाला.

"एका कागदाचा अर्ज आहे, बाबा. त्याला पुरवणी नाही."

टेबलापलीकडे पाओ वांग फोन बघत होता. तो दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत गोठ्या-गोठ्यांतून हिंडायचा. शनिवारी दुपारी मात्र हात कोपरापर्यंत घासून इथे हजर व्हायचा. हे तिघं आणि कधीमधी येणारे आणखी दोघं गेली नऊ वर्षं ‘बारा घाट’ खेळत होते. खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जिथे काय होईल ते कोणालाच ठाऊक नसतं तिथे फासे टाकून पुस्तकातल्या तक्त्यात बघायचं. पुस्तकाचा कणा तीनदा चिकटपट्टीने बांधलेला. चव्वेचाळिसाव्या पानावर नदी ओलांडण्याचा तक्ता होता. दोनपासून बारापर्यंत. सात सोडून.

दोन फाशांत सगळ्यांत जास्त वेळा सातच येतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यामुळे जो जो ‘बारा घाट’ खेळला तो आज ना उद्या त्या ओळीपाशी येऊन अडकला, आणि प्रत्येकाने आपापला सात घडवला. गेलच्या टेबलावर सात आला की नावाड्याचा कुत्रा पाण्यात उडी मारायचा आणि त्याला वाचवण्यात सगळे भिजायचे. टेक्ससमध्ये कुठेतरी एक बेडूक जकात मागायचा. पाओचा सात वेगळाच होता. होडीतली एक म्हातारी ओठांतल्या ओठांत गाऊ लागते आणि लेकरं निजतात. लाओसमधल्या युद्धातून पळताना त्याच्या आजीने मेकाँग नदी खरोखर ओलांडली होती, आणि हा सात तिने त्याला दिला होता. लोकांनी असे चारशेवर सात जमवून ‘सातांची वही’ नावाने सगळ्यांसाठी खुले ठेवले होते.

मग गेल्या वर्षी पूर्वेकडच्या एका खेळणी कंपनीने ‘बारा घाट’ छापणारं ‘टॅमरॅक’ हे जुनं प्रकाशन विकत घेतलं. पुस्तक बंद. आता महिन्याच्या वर्गणीवर फोनवरच खेळायचं. वकिलाची नोटीस आली आणि वहीही बंद झाली. आणि नव्या तक्त्यात, ‘जुनी चूक सुधारून’, सातची ओळ छापून आली : काही घडत नाही. पुढे चला.

"काही घडत नाही म्हणे!" ती ओळ आठवली की गेल प्रत्येक वेळी नव्याने पेटायची. "सगळ्यांत जास्त पडणारा आकडा, आणि काही घडत नाही! मग खेळायचं कशाला? घरी बसून भिंत बघावी की! माझा कुत्रा मारला त्यांनी, ऑस्टबी. चक्क मारला."

"म्हणून तर कंपनीकडे हा अर्ज आहे," पाओ म्हणाला. "अकरा हजार सह्या झाल्यात. पण कंपनी म्हणते, सात म्हणजे छपाईची चूक, आणि चूक सुधारायचा हक्क आमचा. लोक म्हणतात चूक नाही, खेळ करणाऱ्या केसलिंगनेच ती ओळ खेळणाऱ्यांसाठी रिकामी ठेवली होती. पुरावा कोणाकडेच नाही." त्याने वेंडेलकडे पाहिलं. "मिस्टर ऑस्टबी, जुन्या टॅमरॅकमधले आता फक्त तुम्हीच आहात. तुमच्या सहीला वजन आहे."

कागदावर शेवटची ओळ होती : ‘सातची जागा मुद्दाम रिकामी सोडली होती, हे मी, तेव्हाचा नियम-संपादक, खात्रीने सांगतो.’ खाली रेघ. रेघेवर अजून काही नव्हतं.

वेंडेलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. सही केली तर हे दोघं सुखावतील. अकरा हजार माणसं सुखावतील. आजीचं गाणं वाचेल, कुत्रा वाचेल. खोटं तर खोटं. तेही त्याचं नव्हतं, केसलिंगचं होतं, आणि केसलिंग जाऊनही वीस वर्षं झाली होती. आणि खरं सांगितलं तर? कंपनीचंच म्हणणं खरं ठरणार, आणि तेही त्याच्याच तोंडून. शिवाय शनिवारी दुपारी जायला त्याला दुसरी जागा नव्हती.

"लोकांनी सह्यांखाली काय काय लिहिलंय बघा," पाओ म्हणाला. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्याला जरा धीर हवाय. "हे ऐका. ‘माझ्या लग्नात आम्ही सात टाकला होता.’ आणि हे... हे तर आपल्या विस्कॉन्सिनचंच आहे. ‘माझी आणि माझ्या भावाची होडी १९८८पासून नदीच्या मधोमध उभी आहे. मी टॅमरॅकला पत्र लिहून सात विचारला होता. भाऊ नौदलातून परत आला, त्याला नातवंडं झाली, आणि अजून दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना विचारतो, उत्तर आलं का गं? तिथलं कोणी हे वाचत असेल तर माझा पत्ता अजून तोच आहे. लॉर्ना हास्केल, अ‍ॅशलंड.’"

"बिचारी," गेल हसली. "सदतीस वर्षं होडीत! पाय आखडले असतील."

वेंडेल उठला. खुर्ची मागे पडता पडता राहिली.

"काय झालं?"

"घरी जाऊन येतो."

"आत्ता? सही?"

"येतो," तो म्हणाला, आणि कोट न घालताच जिना चढला.

घर चार रस्ते पलीकडे. एप्रिल लागला होता तरी वाहनतळाच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. वीस मिनिटांनी तो परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती, आणि काखेत एक जाडजूड शब्दकोश होता.

"आता स्पेलिंग तपासणार का?" गेल म्हणाली, पण त्याचा चेहरा बघून तिने डब्याचं झाकण लावलं.

"मला बोलता येत नाही नीट," वेंडेल म्हणाला. "मधे थांबवू नका. थांबलो तर परत सुरू होणार नाही."

मग त्याने सांगितलं. तेव्हा पुस्तकाची पानं हाताने जुळवत. मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, मागे मेण लावायचं, जाड पुठ्ठ्यावर एकाखाली एक चिकटवायच्या. चव्वेचाळिसावं पान त्यानेच जुळवलं होतं, त्यानेच तपासलं होतं. पुस्तक छापून दुकानांत गेलं. तीन आठवड्यांनी त्याची बायको अडेल त्याचा लोकरी स्वेटर धुवायला काढत होती, तर बाहीला कोपरापाशी कागदाची एक चिंचोळी पट्टी चिकटलेली. ‘हे तुझं का रे?’ तिने विचारलं होतं.

"सातची ओळ," पाओ हळूच म्हणाला.

"मी केसलिंगला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, चूक कबूल केली तर दुकानदार खोकी परत पाठवतील. गप्प बस. पुढे लोकांची पत्रं यायला लागली, आम्ही सातला असं करतो, तसं करतो. तो खूश. म्हणाला, मुद्दामच रिकामी ठेवली होती असं सांगू. आठवड्याला चाळीस पत्रं यायची, गेल. सगळ्यांना मी उत्तरं टंकून पाठवायचो. हिला तेवढं..." त्याने शब्दकोश उघडला. आत पिवळा पडलेला लिफाफा होता, पत्त्याखाली दोन रेघा मारलेला. "हिला तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. खोटं लिहवेना, आणि खरं लिहायची छाती नव्हती. अकरा वर्षांची पोर. भाऊ चालला होता तिचा."

वरच्या मजल्यावर कोणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे कंपनीच बरोबर," वेंडेल म्हणाला. "चूकच होती. माझी. तुम्ही इतकी वर्षं जे जपलंत ते माझ्या बाहीला चिकटलेलं होतं."

गेलचे खांदे हलायला लागले. तो घाबरला, त्याला वाटलं, रडते की काय. पण ती हसत होती. हसता हसता तिने टेबलावर हात आपटला, फासे उडाले.

"बाही! अरे देवा, बाही! आणि मी नऊ वर्षं केसलिंगला दुवा देतेय! ऑस्टबी, माझ्या कुत्र्याचा बाप तू निघालास!"

"तुला राग नाही आला?"

"आला ना. सदतीस वर्षं एकट्याने हे काखेत घेऊन हिंडलास त्याचा आला. पाओ, तुला रे?"

पाओ फोनकडे बघत नव्हता. "माझी आजी विचारायची, पुस्तकात तिथे काहीच कसं नाही? मी म्हणायचो, आजी, तुझ्यासाठी जागा सोडलीय." त्याने फोन खिशात ठेवला. "आता ती नाही. पण समजा ती असती आणि मी म्हटलं असतं की एका माणसाच्या हातून चुकून जागा राहिली... तर ती म्हणाली असती, मग काय झालं? जागा ती जागाच."

वेंडेलने लिफाफ्याखालून बोटाएवढी लांब पट्टी काढली. मागच्या मेणाचा डाग तपकिरी झाला होता. "हीच ती. बघायचीय?"

पाओ पुढे वाकला. गेलने त्याच्या कपाळावर हात ठेवून त्याला मागे ढकललं.

"नको. ठेव ती."

"का?" वेंडेलने विचारलं.

"एकदा वाचली की मग तीच खरी. मग माझा कुत्रा म्हणजे नुसती चूक. कंपनीने केलं तेच तू करणार." तिने लिफाफ्याकडे बोट केलं. "तिला पाठव. तिने विचारलं होतं. मी कुठे विचारलं?"

पाओने अर्जाचा कागद ओढून शेवटची ओळ खोडली, पेन वेंडेलपुढे केलं. "मग इथे काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

"याने अर्ज पडेल, पाओ."

"पडला तर पडला. जुनं पुस्तक आहे की आपल्याकडे. चिकटपट्टीही आहे."

वेंडेलने बराच वेळ घेतला. गेलनेही पहिल्यांदाच त्याला टोकलं नाही. त्याने लिहिलं : ‘सातची ओळ चुकून राहिली. चूक माझी. पण त्या जागेवर लोकांनी जे बांधलं ते चुकून बांधलेलं नाही. ते मोडू नये, ही विनंती.’ मग रेघेवर सही केली. टॅमरॅकच्या कोणत्याच पुस्तकात त्याचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. त्या तक्त्याशी ते पहिल्यांदाच जोडलं गेलं.

"हं," गेल वाचून म्हणाली. "स्पेलिंग बरोबर आहे."

मग त्याने दुसरा कागद घेतला. या वेळी फाडावा लागला नाही.

‘प्रिय लॉर्ना, तुम्ही विचारलेली ओळ माझ्या हातून पडली होती. सोबत पाठवतो आहे. दुसरी प्रत कुठेही नाही. ती वाचायची की तुमच्या दोघांचा सात तुम्हीच ठरवायचा, हे तुम्ही आणि कर्टने बघावं. उत्तराला उशीर झाला. वेंडेल ऑस्टबी.’

पट्टी घडीत ठेवण्याआधी त्याने ती एकदा वाचली. ‘७ : नावाडी वल्ही थांबवतो आणि विचारतो, पलीकडे कोण तुमची वाट बघतंय?’

लिफाफ्याचा डिंक केव्हाच सुकला होता. पाओने पुस्तकाची चिकटपट्टी दिली. जुनं तिकीट आजच्या दराला पुरेसं नव्हतं. वाचनालयाच्या बाईंनी आणखी दोन दिली, ती त्याने जुन्याशेजारी ओळीत लावली. पत्ता लिहावा लागला नाही.

"कोट घाल," गेल मागून ओरडली. "आणि लवकर ये, पुढचा डाव माझा आहे."

टपालाची निळी पेटी दारासमोरच होती. वेंडेलने झडप ओढली, लिफाफा आत सोडला, झडप बंद केली. मग पुन्हा उघडून पाहिलं, कुठे बाहीला तर चिकटला नाही ना. आत अंधार होता. लिफाफा खाली गेला होता. त्याने दोन्ही बाह्या एकदा नीट तपासल्या आणि झडप सोडून दिली.