मुलुंडच्या प्रसादातलं किडकं सफरचंद

मी एक किडकं सफरचंद बोलतोय. आवाज जरा दबका वाटेल, सवय नाही. आमच्यातल्या किडक्यांना कुणी बोलायला लावत नाही, बाजूला काढून पुरतात.

माझा जन्म हिमाचलातल्या एका खोऱ्यातला. गालांवर लाली चढत होती त्याच सुमारास एक इवलीशी अळी खालच्या बाजूने आत शिरली. मी कुणाला सांगितलं नाही. वरून देखणाच होतो ना! तोडणीच्या वेळी मात्र बागवाल्याने मला उलटं करून पाहिलं, भोक दिसलं आणि मला फेकून दिलं. भावंडं खोक्यांत बसून शहरांकडे निघाली. मी मातीत तोंड खुपसून पडून राहिलो.

तिथून मला गार्गीने उचललं. सफरचंदाच्या बागांतल्या किडींवर ती संशोधन करते. चांगलं फळ दाखवलं तर नुसतं "हं" म्हणते. किडकं दिसलं की तिचा चेहरा उजळतो. या खोऱ्यात पूर्वी कधी नसलेली एक कीड शिरली असावी, अशी तिला शंका होती. ती खरी असेल तर पुढच्या फुलोऱ्याआधी बागवाल्यांना सावध करायला हवं होतं, नाहीतर सगळं खोरं माझ्यासारखं झालं असतं. कीड पसरू नये म्हणून माझ्या झाडाखाली पडलेली बाकीची किडकी फळं तिने पुरायला लावली. उरलो आम्ही डबाभर. अळीची ओळख अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत पटणार होती, पण ती सोमवारी उघडणार. म्हणून गार्गीने आम्हाला मुलुंडला, वडिलांच्या घरी आणलं.

"बाबा, या डब्याला हात लावायचा नाही हं," असं बजावून ती मैत्रिणीकडे कांदिवलीला गेली.

तिचे वडील नंदकिशोर सज्जन गृहस्थ. पण मुलगी अळ्या शोधत हिंडते, हे सांगायची त्यांना लाज वाटायची. इमारतीत त्यांनी "सफरचंदांवर संशोधन" एवढंच सांगून ठेवलं होतं, अळी वगळून. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच केलं होतं.

त्या रविवारी सोसायटीचा सत्यनारायण होता. शेजारचे माणिककाका भर मांडवात म्हणाले, "काय रे नंदू, लेक एवढी सफरचंदांची डॉक्टर, आणि आम्हाला कधी एक साल दिसली नाही!"

"आजच आणलीत तिने. खास," असं म्हणून नंदकिशोर तडक वर गेले.

मला धुतलं, चकाकेपर्यंत पुसलं आणि देवापुढे मांडलं. भोक खाली आलं म्हणून अब्रू राहिली. समोर माणसं डोळे मिटून हात जोडत होती. त्यांनी डोळे उघडू नयेत असं मला वाटत होतं. आरतीनंतर घरटी एकेक फळ वाटलं गेलं. मी दुसऱ्या मजल्यावर रत्नप्रभाबाईंकडे गेलो.

बाईंनी मला मधोमध चिरलं. अळीने मान वर करून पाहिलं.

"अगंबाई!" बाई मागे सरल्या. टाकून द्यायला हात उचलला, पण प्रसाद! शेवटी मला वाटीत ठेवून वर ताटली झाकली आणि गॅसच्या शेगडीमागे सरकवलं.

संध्याकाळी जिन्यातून गार्गीचा आवाज आला.

"बाबा, एक तरी उरलंय का?"

"अगं, प्रसाद होता. सगळ्यांनी आवडीने नेलं."

"ती खायची नव्हती हो! आतली अळी हवी होती मला. आता पुरावा पुढच्या हंगामात. तोवर सगळी वाट लागेल तिथे!"

मग चपलांचा आवाज. नंदकिशोर दारोदार फिरत होते आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर येत होतं, "फार गोड होतं हो!" माणिककाकांनी तर अजून आहेत का विचारलं. किडक्या फळांचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी आमची बेल वाजली.

"वहिनी, सफरचंद कसं होतं?"

"छान! एकदम गोड," बाई म्हणाल्या. "मुलांनी लगेच संपवलं."

ताटलीखाली मी लाजेने काळा पडत होतो. हवा लागल्यानेही आम्ही पडतो, पण ते असो.

नंदकिशोर हलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो. माझी मुलगी सफरचंदांतल्या किड्यांवर काम करते. मला लाज वाटायची म्हणून कधी बोललो नाही. आणि आज मी तुम्हाला किडकी फळं वाटली, तीही देवापुढची. पोरीचं सगळं काम त्या किड्यावर अडलंय. तुमच्यात निघाला असेल तर सांगा. लाजायचं मला आहे, तुम्हाला नाही."

"थांबा, भाऊजी." बाईंनी आत येऊन ताटली उचलली, चेहरा माझ्या सालीसारखा झाला होता. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो..."

"जिवंत आहे?"

"चांगली वळवळतेय मेली!"

नंदकिशोर कठड्यावरून वाकून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले, "गार्गी, ये गं! तुझा किडा मिळाला!"

तिची शंका खरी निघाली. खोऱ्यातल्या बागवाल्यांना खबर गेली आहे. फुलोऱ्याआधी झाडाझाडांवर सापळे टांगले जातील. अळी बाटलीत आहे, मोठमोठी माणसं तिला बघायला येतात. मी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये पिशवीत पडून आहे, शेजारी कुणाचा तरी दहीभाताचा डबा. डबा काढताना लोक मला नाक मुरडून बाजूला सारतात. त्यांचं बरोबर आहे.

आता मला टाकतील. त्याआधी एक विनंती. माझा कुणी भाऊबंद तुमच्या घरी आला आणि आत काही निघालं, तर देणाऱ्याला सांगा. तो ओशाळेल, चार दिवस नजर चुकवेल. चुकवू दे. पण गोड होतं म्हणू नका.

मी गोड नव्हतो.