माझ्या पोटातली खदखद

मी एक जुना लोखंडी मनोरा आहे, तेलशुद्धीकरण कारखान्यातला. बाहेरून मी शांत दिसतो, पण मित्रांनो, माझ्या पोटात सदा खदखद चालू असते.

माझ्याकडे येणारं कच्चं तेल काळं असतं आणि माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारं. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले इवलेसे जीव मेले आणि तळाच्या चिखलात गाडले गेले. त्यांच्यावर थरांवर थर चढले. दाबाने आणि उष्णतेने चिखलाचा खडक झाला, जीवांचं तेल झालं. ते खडकाच्या बारीक छिद्रांतून वर सरकलं आणि एका कठीण खडकाखाली अडकून बसलं.

भट्टीत तापून ते माझ्या पायथ्याशी शिरतं, तेव्हा त्याची बरीचशी वाफ झालेली असते. मी खाली तप्त, वर थंड. वाफ चढता चढता निवते आणि माझ्या भोकाभोकांच्या ताटांवर एकेक घटक पुन्हा द्रव होतो. खाली डिझेल, त्याच्यावर रॉकेल, आणखी वर पेट्रोल. वायू शेंड्यातून निसटतो. ज्याची वाफच होत नाही ते तळाशी उरतं, त्यातूनच पुढे रस्त्याचं डांबर मिळतं.

"म्हातारा खणखणीत आहे!" असं म्हणत सगळे माझी दुरुस्ती पुढे ढकलत राहिले. शेवटी एक ताट गंजून फाटलं. मग मला थांबवलं, थंड केलं, धुतलं. पण धुणं उरकल्यासारखंच झालं.

"आटपा रे, सगळं खोळंबलंय!" साहेब ओरडत होते.

माझी देखरेख करणाऱ्या ताईने आतली हवा तपासली. ती ठीक निघाली. मग तिचा सख्खा भाऊ कमरेला दोर बांधून आत उतरला. तो वेल्डर. जोडकामाआधी तो ताट खरवडू लागला आणि खाली साचलेला गाळ फुटला. त्यातली कोंडलेली विषारी वाफ मोकळी झाली. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

"दादा, बरा आहेस ना?"

"आहे गं. जरा डोकं जड..."

हातोडी खणकन पडली. पुढे आवाजच नाही.

ताईने एक पाय आत टाकलासुद्धा. दोर धरलेल्या काकांनी तिचा दंड पकडला. "पोरी, तूही आत पडलीस तर दोघांना काढणार कोण?"

तिने ओठ चावून पाय मागे घेतला. "ओढा काका!"

दोर ताणला, पण दादाचा खांदा ताटाच्या कडेला अडला. माझा जीव कासावीस झाला. लोखंडाला अंग चोरता येत नाही.

"थोडा सैल सोडा... आता ओढा!"

तो बाहेर आला. चेहरा राखेसारखा. ताईने त्याच्या नाकाला प्राणवायू लावला. बऱ्याच वेळाने तो खोकला.

"रडतेस कशाला?" तो पुटपुटला.

"तू गप पड," ती म्हणाली आणि आणखीच रडू लागली.

मग डोळे पुसून ती साहेबांकडे वळली. "पुन्हा धुतल्याशिवाय कुणी आत जाणार नाही."

साहेबांनी जमिनीवर पडलेल्या दादाकडे पाहिलं. "धुवा," ते हळूच म्हणाले. "लागेल तेवढा वेळ लागू दे."

आता मी पुन्हा चालू आहे. पण मित्रांनो, पुढच्या दुरुस्तीचा विचार आला की मला चैन पडत नाही. मला थांबवाल तेव्हा पुरतं निवू द्या, पुरतं धुवा, हवा पुन्हा पुन्हा तपासा. माझ्या पोटात कुणाचा तरी दादा उतरत असतो.