कानाशी धरलेला बर्फ

"सिस्टर, पर्स खाली ठेवा. आधी हे बघा."

पेटीकाकांनी टेबलावर दोन कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी दोन्ही सारख्याच हलवल्या होत्या. दिवसभर फ्रीजमध्येच राहिलेल्या कुपीतली लस अजून एकसारखी दुधाळ होती. खाणीवरच्या वस्तीतून परत आलेल्या कुपीत मात्र तळाशी गाळ बसला होता आणि वर नितळ पाणी.

"गोठली होती," सिस्टर म्हणाल्या आणि पर्स ठेवून खुर्चीत बसल्या.

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. घटसर्पाची लस मात्र गारठ्यालाच जास्त भिते. एकदा गोठली की मेली. आणि मेलेली लस टोचतानाही तशीच दिसते, मूल रडतंही तेवढंच. फक्त रोग आला की त्याला आडवं यायला अंगात कोणी नसतं.

म्हणून फ्रीजरमधले आइसपॅक काढल्या काढल्या लशीच्या पेटीत भरायचे नसतात. ते बाहेर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं तरच भरायचा. दवाखान्यात हे काम बावीस वर्षं पेटीकाकांकडे होतं. खांद्याला कायम निळी पेटी, म्हणून पेटीकाका; खरं नाव पगारपत्रकापुरतं. आपल्या पेटीतली एकही कुपी आजवर वाया गेली नाही, हे ते दर चार वाक्यांनी ऐकवत.

"पण सकाळी तुम्ही हलवून पाहिलं होतंत," सिस्टर म्हणाल्या. "मी घाई करत होते, तरी तुम्ही एकेक कानाशी धरलात. मी बघितलं ना."

"धरला. ऐकू नाही आलं."

"म्हणजे?"

"वर्ष झालं, बारीक आवाज येतच नाहीत. सवयीनं वाटायचं, वाजलं. रोज आइसपॅक भरपूर वेळ बाहेर असायचे म्हणून निभावलं. आज गाडी लवकर आली."

हे त्यांनी कोणालाच कळू दिलं नव्हतं. बायकोला वाटायचं, नवरा मुद्दाम ऐकत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असं वाटायला तिच्याकडे भरपूर कारणं होती, त्यामुळे काकांचं फावलं. दवाखान्यात कळलं तर पेटी जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते, तेवढे रेटून न्यायचे असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि नेमकी ही वस्ती! पाच वर्षांपूर्वी तिथे कोणीतरी "ताप येणार नाही" असं सांगून लस दिली होती. मुलं रात्रभर तापली. तेव्हापासून पेटी दिसली की बायका मुलांना घेऊन आत जात. मागच्या वर्षी घटसर्प आला. खडी फोडणाऱ्या एका बाईचा थोरला, चार वर्षांचा, घसा बंद होऊन तीन दिवसांत गेला. आज तीच बाई धाकटीला काखेत घेऊन रांगेत पहिली उभी होती, आणि बाकीच्यांना दारोदार फिरून तिनेच ओढून आणलं होतं. एकतीस मुलं.

सगळं कळल्यावर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी वरच्या कार्यालयात फोन करून विचारलं. डोस वाया धरा, लवकरात लवकर पुन्हा द्या, असं उत्तर आलं. वस्तीला काय सांगायचं, ते कोणी सांगितलं नाही.

"दुसरा डोस आहे म्हणू या," सिस्टर पुटपुटल्या. काकांना ते ओठांवरूनच कळलं. "खरं सांगितलं तर दारं पुन्हा बंद होतील, काका. मुलं तशीच राहतील."

सिस्टरची ही भीती खोटी नव्हती. काकांनी गाळाची कुपी त्यांच्यापुढे सरकवली.

"आणि पुढच्या महिन्यात खरा दुसरा डोस आला की काय म्हणणार? त्यांना मोजता येतं, सिस्टर. एका थापेनं पाच वर्षं गेली, एक पोर गेलं. चूक माझी आहे, मीच सांगतो."

"पेटी जाईल तुमची," डॉक्टरीणबाई मोठ्याने, शब्द तोडून म्हणाल्या. माणूस बहिरा आहे असं नुकतंच कळलं की सगळे असेच बोलतात.

"गेली समजा. उद्याची खेप तेवढी करू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आइसपॅक सिस्टरनी ऐकले. काका बाजूला उभे राहून त्या हो म्हणतील तेवढेच पेटीत रचत गेले.

वस्तीत त्यांनी आधी खडीवाल्या बाईला गाठलं आणि उभ्या उभ्याच, आपल्या चुकीने कालची लस गोठून वाया गेल्याचं सांगून टाकलं.

"म्हणजे काल पोरीला टोचलंत ते पाणी?"

"पाणीच समजा. अपाय नाही. पण उपयोगही नाही."

"माझ्या शब्दावर आल्या होत्या हो सगळ्या! आता कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?"

"तुम्ही नका सांगू. मी जातो."

ते प्रत्येक दाराशी गेले. शिव्या बऱ्याच पडल्या. "कान गेल्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला," असं ते नंतर सिस्टरना म्हणाले खरे, पण चेहरे दिसत होते आणि ते सोसत नव्हतं. नऊ जणींनी दार लावून घेतलं. बाकीच्या पारखायला आल्यासारख्या पेटीभोवती उभ्या राहिल्या.

"आजची चांगली आहे कशावरून?" खडीवाल्या बाईने सगळ्यांच्या वतीने विचारलं.

काकांनी झाकण उघडलं, एक आइसपॅक काढून तिच्या हातात दिला. "कानाशी धरा आणि हलवा. आत पाणी वाजलं तर चांगली."

"तुम्हीच ऐका की."

"मला ऐकू येत नाही, बाई. त्यातच घात झाला."

सगळ्यांसमोर हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं. बाईने आइसपॅक कानाशी धरून हलवला.

"वाजतंय," ती म्हणाली. पॅक शेजारणीकडे देऊन तिने खाली बसून धाकटीला मांडीवर घेतलं.

पॅक या कानावरून त्या कानाकडे जात राहिला. काकांना काही ऐकू येत नव्हतं, पण प्रत्येकीच्या चेहऱ्यावर ते कळत होतं. आधी कपाळाला आठी पडायची, मग डोळे एका जागी थांबायचे, मग मान हलायची. बावीस वर्षं रोज सकाळी आपलाही चेहरा असाच होत असेल, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

शेवटच्या बाईने आइसपॅक परत दिला. सवयीने काकांनी तो कानाशी नेला, हलवला, जरा वेळ तसाच धरला. मग पेटीत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.