शेजारची सीट

मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक अलगद दाबला आणि गाडी पुढच्या टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. शिलाईवाल्या बाईंनी स्टिअरिंग जिवाच्या आकांतानं धरलं होतं. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"वा! काय थांबवलीत!" मास्तर म्हणाले.

"मी थांबवली?"

"मग काय माझ्या आजोबांनी?"

बाई खुदकन हसल्या. मास्तरांची ही जुनी रीत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात. ते असे दाबायचे की शिकणाऱ्याला पत्ता लागू नये, आणि वर शाबासकी त्यालाच द्यायची. माणूस एकदा घाबरला की गाडी शिकत नाही, हे त्यांचं ठाम मत. भल्याभल्या भित्र्यांना त्यांनी असंच रस्त्यावर आणलं होतं.

आता खरं सांगायचं तर हल्ली मास्तर स्वतःच घाबरलेले होते. रडवेला चेहरा करून बसणारा माणूस नव्हे तो, त्यामुळे कुणाला कळत नव्हतं इतकंच. थंडीच्या सुरुवातीला ते अंघोळीहून बाहेर आले आणि दारातच कोसळले. हातपाय झटकत होते, तोंडाला फेस. बायकोनं किंचाळून शेजारी गोळा केले. पुढे तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला रोखठोक.

"फिट येणं थांबलंय अशी माझी खात्री होईपर्यंत गाडी चालवायची नाही. चालवता का?"

"छे, मी कुठला चालवतोय!" मास्तर म्हणाले होते.

बायको शेजारीच होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रिक्षात बसल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"खोटं का बोललात?"

"खोटं काय त्यात? चालवतात ते शिकणारे. मी नुसता शेजारी बसतो."

आणि हे त्यांनी अगदी इमानेइतबारे पाळलंही. कामावर पायी जायचे. गाडी आवारातून बाहेर काढायलासुद्धा दुसऱ्याला सांगायचे. स्टिअरिंगला बोट लावलं असेल तर शपथ! गोळी कधी चुकवली नाही. मधे एकदा जेवताना ते घास हातात धरून नुसते बघत राहिले, ओठ चाटत राहिले, बायकोनं तीनदा हाक मारली तरी ओ दिली नाही. तेव्हा ती रडली. "अहो, सोडा ना हे काम," म्हणाली. मास्तर तिच्यावर खेकसले. दुसरं काय येत होतं त्यांना? ह्या कामाखेरीज आपण म्हणजे कोण, हेच त्यांना उमगत नव्हतं.

टेम्पो पुढे सरकला. बाईंनी पहिला गिअर टाकला, गाडी दोन आचके देऊन चालू लागली.

"शाब्बास. आता दुसरा. समोर ते शाळेचं कुंपण दिसतंय ना, त्याच्या अलीकडे..."

कुंपण समोर होतं. मग ते मागे होतं.

गाडी थांबलेली होती. बॉनेटवर पंजा टेकून एक म्हातारेबुवा उभे होते आणि त्यांची काठी रस्त्यावर पडली होती.

"शिकवताय ना?" म्हातारेबुवा मास्तरांवर ओरडले. "मग समोर बघायला काय होतं?"

त्यांनी काठी उचलली आणि बडबडत पलीकडे गेले. मास्तरांच्या शर्टाची दोन बटणं उघडी होती. उजव्या पायातली चप्पल निघाली होती आणि पाय सीटखाली मुडपलेला होता, ब्रेकपासून चांगला लांब.

"देवासारखे बसला होतात हो शेजारी," बाई म्हणाल्या. "माझी तर बोबडीच वळली. तुम्हाला दोन हाका मारल्या. तुम्ही दाबलात म्हणून वाचले बिचारे."

"मी नाही दाबला. तुम्ही थांबवलीत."

"पुरे! मला काय कळत नाही? मघाशी टेम्पोच्या मागेही तुम्हीच दाबला होता. सगळ्यांना असंच सांगता तुम्ही."

आता गप्प राहिलं की झालं. बाईंना संशय नव्हता, म्हातारेबुवा गर्दीत दिसेनासे झाले होते, आणि उद्या सकाळी गाडी नेहमीसारखी निघाली असती. त्यांना ते फार हवं होतं.

"बाई, हळूच बाजूला घ्या. अशी. आता बंद करा. चावी काढून तुमच्याकडे ठेवा."

बाईंनी सगळं केलं.

"खाली बघा. माझा पाय बघा कुठे आहे."

बाई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"मला फिटचा आजार आहे. डॉक्टरांना कामाचं सांगितलेलं नाही. मघाशी मी शुद्धीत नव्हतो."

"म्हणजे मी एकटी चालवत होते?"

"हो."

बाई दार उघडून फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरही चप्पल सरकवून उतरले.

"उद्या मी लेकीला मागे बसवणार होते," बाईंचा आवाज चढला. "येईना ती. भीती वाटते म्हणाली. तर मी म्हटलं, अगं, मास्तर आहेत ना! लाज नाही वाटली तुम्हाला?"

बाईंना एकटीनं गाडी न्यायची परवानगी नव्हती आणि मास्तरांना तर आता बसायचंच नव्हतं. मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना लावला.

"मालक, गाडी न्यायला कुणाला तरी पाठवा. बाईंनाही घरी सोडा."

"बंद पडली काय?"

"गाडी ठीक आहे. मला फिट येते. आत्ता रस्त्यात आली."

मालक भला माणूस, मास्तरांना फार मानायचा.

"लागलं नाही ना कुणाला? मग झालं तर! अहो, गाडी बाई चालवत होत्या. तुम्ही तर नुसते शेजारी होतात. कशाला एवढं मनाला लावून घेता? आराम करा आणि उद्या या."

बाईंनी चावी मुठीत घट्ट आवळून धरली होती.

"तेच सांगतोय, मालक," मास्तर म्हणाले. "त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं."