मुख्याध्यापकांची खुर्ची

पौगंडातली मैत्री अमर असते, हे सिद्ध करण्यासाठी दिग्दर्शकाने तीन वर्षं, दोन कॅमेरामन आणि एक लग्न खर्ची घातलं. सिनेमा तयार झाला. मग त्या अमर मित्रांचे फोन नंबर शोधायला मदतनिसाला आठवडा लागला.

चार वांड पोरं शाळेशी उभा दावा मांडतात आणि त्यांचा म्होरक्या मुख्याध्यापकांची खुर्ची गच्चीवरच्या टाकीवर नेऊन ठेवतो, अशी गोष्ट. म्होरक्या म्हणजे स्वतः दिग्दर्शक. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सिनेमा लागण्याआधी ठेवलेल्या खाजगी खेळाला मित्रांनीच ओळखावं, "लेका, तूच की हा!" म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. हल्ली त्याला 'सर' सोडून कुणी काही म्हणत नसे.

तिघेही आले. एक दंतवैद्य, एक विमा एजंट, एक प्लंबर. अंधारात दिग्दर्शक पडद्याऐवजी त्यांचे चेहरे बघत बसला. खुर्ची टाकीवर चढली तेव्हा विमा एजंटने चक्क शिट्टी मारली.

दिवे लागले.

"अरे, हा तर लंबू! डिट्टो लंबू!" विमा एजंट डोळे पुसत म्हणाला.

"कोण लंबू?" दिग्दर्शकाने विचारलं.

"आपल्या वर्गातला रे. खुर्ची त्यानेच नाही का चढवली? पाय मी धरले होते. खुर्चीचे."

"आणि मी जिन्यात पहाऱ्याला," दंतवैद्य म्हणाला. "भीतीने निम्मा झालो होतो."

"आणि मी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू कुठला? तुला कांजिण्या झाल्या होत्या ना!" प्लंबर म्हणाला. "तुझी आई घरात घेईना, म्हणून आम्ही खिडकीबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. तू पुन्हा पुन्हा सांगायला लावलंस. घसा बसला आमचा."

दिग्दर्शकाला खिडकीचे गज आठवले. टाकीवरचा वाराही आठवत होता. तोही बहुधा यांनीच सांगितला असावा.

"पण काढलायस झकास हं," दंतवैद्य मनापासून म्हणाला. "जणू तिथेच होतास."

मग तिघे जिना उतरता उतरताच लंबूला फोन लावू लागले. त्यांचं हसणं बराच वेळ वर येत राहिलं. थिएटरच्या ऑपरेटरने आत डोकावून विचारलं, "सर, एसी बंद करू?"

शुक्रवारी सिनेमा लागला. तिघांनी तो पुन्हा पाहिला, लंबूला घेऊन.