देवीला का नंबर असतो?

जयश्रीनं अकरा वर्षं सुरतच्या रिंग रोडवर एका शेठच्या दुकानात साड्यांच्या गठ्ठ्यांवर डिझाईन नंबर लिहिले. तिथं 'लाल काठाची पिवळी' असं कुणी म्हणत नाही. '४०७१ काढ' म्हणतात, आणि ही बाई डोळे मिटून काढायची. पुढे नोकरी सोडून तिनं सुरतच्याच नवागाममधल्या दोन खोल्यांत स्वतःचं काम मांडलं, श्रावणात खानदेशी घरांत बसणाऱ्या कानबाई देवीला नेसवायच्या, तयार निऱ्यांच्या छोट्या साड्या शिवायचं. हौसेनं वेबसाइटही उघडली. आणि एकेका पानावर ठसठशीत काय लिहिलं? 'डिझाईन ४०७१'. 'डिझाईन ४०७२'. आता बोला!

गल्लीतल्या बायका साड्या नेत, पण वेबसाइटवर चिटपाखरू फिरकेना. नवरा वाल्मिक बमरोलीच्या मिलमध्ये कामाला. त्यानं साफ सांगितलं, "आषाढी अमावास्येपर्यंत बघ. एक तरी अनोळखी गिऱ्हाईक आलं तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर शेठकडे परत जा." शेठनं अमावास्येपर्यंत जागा राखली होती आणि वर हसून म्हणाला होता, "जयश्रीबेन, तुम्ही परत येणारच." तो 'येणारच' तिच्या जिव्हारी लागला होता.

अमावास्येला तीन आठवडे उरले असतील. दुपारी सासू शोभाबाई फोन तोंडाशी धरून बसल्या होत्या. अक्षरओळख नाही, पण फोनशी बोलायला त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत.

"कानबाईनी साडी दखाड," त्यांनी फोनला अहिराणीत फर्मावलं. फोननं मालेगावच्या दाखवल्या, पुण्याच्या दाखवल्या. सुनेची एकही नाही. "तुनी साडी कोठे शे वं?"

"आई, ४०७१ म्हणा ना!"

"कसाले म्हनू? देवीले का नंबर ऱ्हास?"

जयश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. अकरा वर्षं मार्केटात घासून हेच शिकलो का आपण? गिऱ्हाईक तोंडानं जे मागतं तेच पानावर नको का?

तिनं पदर खोचला. नंबर पुसून मथळा दिला, 'कानबाईसाठी तयार निऱ्यांची साडी'. खाली साध्या शब्दांत लिहिलं, केवढ्या कलशाला कोणती बसेल, नारळाच्या मुखवट्यावर पदर कसा घ्यायचा. फोटोंची नावं म्हणजे कॅमेऱ्यानं टाकलेले आकडे होते, तीही बदलली. जड फोटो हलके केले, कारण पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जात होतं. उत्साहाच्या भरात एका परिच्छेदात चाळीसदा 'कानबाई' घातलं आणि सासूला वाचून दाखवलं.

"आरती शे का ही?" शोभाबाई खो खो हसल्या. छत्तीस कानबाया तिथल्या तिथं उडाल्या.

मग वाट पाहणं आलं. गुगल काही हाकेसरशी धावत येत नाही. आठ दिवसांनी साडी गुगलच्या पाचव्या पानावर दिसली, आणखी चार दिवसांनी तिसऱ्या. साडी नेलेल्या शेजारणींना तिनं सांगितलं, कशी वाटली ते वेबसाइटवर खरं खरं लिहा. कवितानं तर 'निऱ्या मस्त, काठ जरा जास्त रुंद' असं ठणकावून लिहिलं. जयश्रीनं काठ अरुंद केला आणि तसं पानावर कळवलं. साडी पहिल्या पानावर आली, पण ऑर्डर काही येईना.

अमावास्येच्या सकाळी फोन वाजला. "मी नाशिकहून मालतीबाई बोलतेय. आम्हा तिघी जावांच्या घरी कानबाई बसते. तीन साड्या पाठवाल?"

"तुम्हाला माझं नाव कुणी दिलं?" जयश्रीनं घाईनं विचारलं.

"कुणी नाही हो. फोनला विचारलं, त्यानं सगळ्यात आधी तुम्हालाच दाखवलं."

जिंकली! गल्ली जागी होईल अशी तिनं आरोळी ठोकली. सासूला मिठी मारली, डोळे पुसले, पुन्हा मिठी मारली.

तासाभरात शेठचा फोन. "जयश्रीबेन, उद्यापासून येताय ना?"

"शेठ, कानबाईची साडी कुठं मिळते ते आधी फोनला विचारा. मग बोलू."

शेठनं दुकानातल्या दुसऱ्या फोनला विचारलं. मग शेठ पुटपुटला, "अरे, आ तो तमारुं ज नाम पहेलुं छे!"

"म्हणून नाही येणार," ती म्हणाली. इतकं गोड ती त्याच्याशी अकरा वर्षांत बोलली नव्हती.

वाल्मिक मिलमधून आला तेव्हा तिन्ही पाकिटं तयार होती. सगळं ऐकून तो पेन उघडून खाली बसला. "पाकिटांवर कोणता डिझाईन नंबर टाकू?"

"नंबर?" शोभाबाई आतून गरजल्या. "देवीनं नाव टाक, नाव!"