अर्विलचं चाटण

लुडी कॉडिलने एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्या सालची ही गोष्ट. आमच्या ओढ्याकाठच्या माणसांना आकड्यातलं साल सांगून काही उपयोग नसतो, पण लुडीच्या लग्नाचं वर्ष म्हटलं की सगळ्यांना कळतं. नवरा तिच्याहून वयाने लहान होता, तरी कवळी त्याला होती आणि तिचे दात शाबूत होते. पाद्रीबुवांच्या प्रवचनापेक्षा त्या दिवशी यावरच जास्त बोललं गेलं.

बहिणीचा हात धरून तिला वेदीपाशी नेण्याचा मान थोरला भाऊ म्हणून अर्विलचा होता. तो त्याने उरकला आणि शपथा होतात न होतात तोच कोट काढून तो चर्चच्या मागे गेला, कारण त्याचं खरं काम तिथे होतं. आमच्याकडे लग्न असो, उन्हाळ्यातलं सामुदायिक जेवण असो की परगावी गेलेली माणसं परत येतात तो रविवार असो, पॉटचं आइस्क्रीम लागतंच. लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि ओंजळी ओंजळीने टाकलेलं खडेमीठ, आणि वर फिरवायचा दांडा. हा दांडा अर्विल विशीत असल्यापासून फिरवत आला होता. त्याच्या आधी त्याचा बाप फिरवायचा. आइस्क्रीम जमलं की बादलीतलं खारं पाणी चर्चमागच्या जुन्या बुंध्यापाशी ओतायचं, कारण बाप तिथेच ओतायचा. तो बुंधा एके काळी झाड होता. झाड कशाने मेलं असेल, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. भोवती गवताची काडी उगवत नसे. पाद्री हेन्सली यांनी दोनदा बी टाकून पाहिलं आणि शेवटी ती उजाड जागा पापाने कठीण झालेल्या काळजाचा दाखला म्हणून प्रवचनात वापरून टाकली. त्या प्रवचनात अर्विल पहिल्या बाकावर बसून मान हलवत होता.

तर लग्नाच्या दिवशी अर्विलचा एकुलता मुलगा वेल्डन तिसरा वाडगा खाता खाता बापाच्या शेजारी येऊन बसला. तो ओहायोत ट्रकचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता आणि वर्षाकाठी एखाद्या वेळी, लग्नाला नाहीतर मयताला, घरी यायचा. त्याने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग मनातलं बाहेर काढलं.

"बाबा, आपल्या त्या डोंगरात आहे काय? दगड आणि गोचिडी. लाकूडवाला जमीन मागतोय तोवर विकून टाका. साधं हरीणसुद्धा फिरकत नाही तिथे."

दगडांबद्दल वाद घालता येण्यासारखा नव्हता, गोचिडींबद्दल तर नव्हताच. पण हरणाचं नाव निघालं आणि अर्विलने ते घट्ट धरलं. वेल्डनला शिकारीचा नाद होता. दर नोव्हेंबरात तो रजा काढून दोस्तांबरोबर कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या रानात जायचा, घरी मात्र यायचा नाही. अर्विलचं गणित साधं होतं. जमीन गेली की पोराला इकडे यायला मयतच तेवढं उरेल, आणि त्यातलं एक अर्विलचं स्वतःचं असेल.

"हरीण नाही कसं?" तो म्हणाला. "दहा टोकांच्या शिंगांचा नर आहे. उजव्या शिंगाचं एक टोक खाली वळलेलं आहे. कालच पाहिला."

अर्विल चर्चचा पंच होता. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तो गरजेपेक्षा जास्त तपशील देऊन बसला.

वेल्डनने चमचा चाटला आणि विचार केला. मग म्हणाला, "नोव्हेंबरात येतो. तो नर मला माझ्या डोळ्यांनी दिसला, तर विकायचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही दिसला, तर लाकूडवाल्याच्या कागदावर तुम्ही सही करायची."

दोघांनी चिकट हातांनी हात मिळवले. मग अर्विल उठला, बादली उचलली आणि खारं पाणी नेहमीच्या जागी ओतून आला.

दुसऱ्याच दिवशी तो गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेला आणि मिठाचे दोन ठोकळे घेऊन आला. डोंगराच्या खिंडीत एक कुजका बुंधा होता, त्यावर त्याने ते ठेवले. पाऊस मीठ विरघळवतो, लाकूड ते पितं आणि हरणं वर्षानुवर्षं ते लाकूड कुरतडत येतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आठवड्याने जाऊन पाहिलं, तर ठोकळे चाटून चाटून साबणाच्या वडीएवढे झालेले. अर्विलचा आनंद शेणाचा पो दिसेपर्यंत टिकला. शेजारच्या लोंझोच्या गाई कुंपण मोडून येऊन गेल्या होत्या.

त्याने कुंपण बांधलं आणि या वेळी चाटण विटा आणल्या. तांबूस रंगाच्या, खनिजं घातलेल्या. दुकानदार म्हणाला, शिंगं वाढतात. मग पिशवीतली पावडर आणली. तिच्यावर असल्या शिंगांच्या नराचं चित्र होतं, की तो झाडीतून चालला कसा असेल हाच प्रश्न पडावा, आणि तिला सफरचंदाचा वास होता. अर्विलने माती उकरून ती पावडर मिसळली, वरून काकवी ओतली. जो भेटेल तो सल्ला देत होता. एकाने सांगितलं, माणसाचा वास लागता कामा नये, रबरी बूट घाल. दुसरा म्हणाला, उलट माणसाचा घामच त्यांना आवडतो, सदरा तिथेच टांगून ये. अर्विलने रबरी बूट घालून सदरा टांगला. सदरा लोंझोच्या कालवडीने खाल्ला.

"माझ्या रश्श्यात कधी एवढं मीठ पडू दिलं नाहीस," त्याची बायको ओर्फा म्हणाली. डॉक्टरांनी अर्विलच्या रक्तदाबासाठी घरातलं मीठ बंद केलं होतं. घरात अळणी जेवून तो माणूस डोंगरात मिठाची पोती वाहत होता.

ऑगस्टच्या शेवटी जिल्ह्याच्या जत्रेत लोंझोच्या कालवडीला पहिलं बक्षीस मिळालं. तिच्या कातडीची चकाकी परीक्षकांच्या डोळ्यांत भरली होती. लोंझो निळी फीत घेऊन थेट अर्विलच्या ओसरीवर आला.

"अर्विल, तू काय घालतोस ते घालणं थांबवू नकोस," तो म्हणाला. "कुंपणाचं मी बघतो. म्हणजे, दुरुस्त करत नाही."

याच सुमाराला चर्चमध्ये वेगळीच तक्रार उठली. त्या बुंध्यापाशी कुणीतरी खड्डा करत होतं. आधी परातीएवढा होता, मग न्हाणीएवढा झाला, आणि मुळांखालची माती पोखरून तो कबरींच्या रांगेकडे सरकत चालला. कुणी रानडुकरांवर संशय घेतला, कुणी लुडीच्या नव्या नवऱ्याच्या कुत्र्यांवर. लुडीने दुसऱ्या गटाशी बोलणं टाकलं. तेव्हा पाद्रीबुवांनी पाळत ठेवायचं काम अर्विलला दिलं. त्या रांगेत अर्विलची आई होती, आणि दिवसभर झाडामागे गप्प बसून राहायची सवय त्याला त्या उन्हाळ्यात चांगलीच लागली होती.

सूर्य डोंगराआड गेला आणि अर्विल शवपेट्या ठेवायच्या खोपटाच्या आडोशाला बसला. फार वेळ बसावं लागलं नाही. झाडीतून एक मादी आली. तिच्यामागे दोन पाडसं, आणखी माद्या, आणि सगळ्यांच्या मागून, आपलाच बाप इथे पुरलाय अशा ऐटीत, एक नर. त्याने पुढचे गुडघे टेकले, मान खड्ड्यात घातली आणि चाटायला लागला. इतक्या भक्तीने गुडघे टेकलेले अर्विलने त्या चर्चमध्ये आतसुद्धा कधी पाहिले नव्हते.

अर्विलने शिंगं मोजली. आठ टोकं, आणि खाली वळलेलं एकही नाही. मग त्याची नजर खड्ड्यावरून बुंध्याकडे गेली, बुंध्यावरून मागच्या पायरीकडे. तिथे लुडीच्या लग्नातली एक बादली अजून उपडी पडलेली होती. तो बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिला.

सबंध जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात खोल मुरलेलं चाटण त्याने स्वतःच्या हातांनी घातलं होतं, आणि त्याच्या आधी बापाने. तेही अशा जागी, जिथे बंदूक काढली तर जिवंत माणसं त्याला चर्चमधून काढतील आणि मेलेली उठून बसतील.

घरी जाऊन त्याने ओर्फाला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. हसता हसता तिच्या मांडीवरचं भांडं सांडलं.

पुढच्या रविवारी अर्विल उभा राहिला आणि म्हणाला, दोषी कोण ते सांगता येणार नाही, पण तो खड्डा मी एकटा भरून देतो. पाद्रीबुवांनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळा आठवडा अर्विल ट्रक घेऊन येत होता. बुंध्याभोवतीची खारी माती खणून तो ट्रकमध्ये भरायचा, ती खिंडीत नेऊन ओतायचा आणि येताना आपल्या शेतातली चांगली काळी माती आणून खड्ड्यात घालायचा. बायका त्याला घरून भाकरी नि थंड चहा आणून देत होत्या. या वयात देवासाठी एवढं झिजणारा माणूस, असं त्या म्हणत.

"देवाच्या दारची माती चोरून वर आशीर्वाद घेणारा पहिलाच पंच तू," ओर्फा म्हणाली. पण शेवटच्या खेपेला ती ट्रकमध्ये शेजारी बसून गेली आणि तिनेही फावडं चालवलं. कारण वेल्डन तिचाही मुलगा होता.

खिंडीतल्या मातीचा ढीग पहिल्या मोठ्या पावसात अर्धा ओढ्यात गेला. उरलेला अर्धा लोंझोच्या गाईंनी खाल्ला.

नोव्हेंबरात वेल्डन नवी बंदूक आणि झाडीत दिसू नये असे ठिपक्याठिपक्यांचे कपडे घेऊन आला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस बापलेक खिंडीवरच्या मचाणावर उजाडायच्या आधी चढले. ओर्फाने दिलेले, घरच्या मऊ बिस्किट-पावात भरलेले सॉसेज खाल्ले, थर्मासातली कॉफी संपवली, आणि खाली बघत बसले. वेल्डनने कारखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. आपल्याला तिथे तेवढंसं बरं वाटत नाही, हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. अर्विलने आपल्या बापाच्या गोष्टी सांगितल्या. हरीण सोडून सगळं झालं. अर्विलला आत कुठेतरी ठाऊक होतं की या दिवसांत हरणांचं लक्ष मिठावर नसतंच. त्यांना पडलेले अक्रोड आणि ओकच्या बिया हव्या असतात, आणि नरांना फक्त माद्या. मिठाची खरी ओढ वसंतात आणि उन्हाळ्यात. हे त्याने सगळ्या उन्हाळाभर स्वतःला सांगायचं टाळलं होतं. शनिवारी संध्याकाळी लोंझोची बक्षीस मिळवलेली कालवड मचाणाखाली आली, बुंधा चाटला आणि गेली.

"उद्या रविवार," वेल्डन खाली उतरताना म्हणाला. रविवारी बंदूक भिंतीला लटकायची हा ओर्फाचा नियम, आणि सोमवारी त्याला कारखान्यात हजर व्हायचं होतं. लाकूडवाल्याचा कागद वेल्डनच्या गाडीतच होता.

रविवारी पाद्री हेन्सली धीर धरण्याविषयी बोलायला लागले आणि थांबेनात. वेल्डन सिगारेट ओढायला मागच्या दाराने बाहेर गेला. अर्विल बाकावर बसून आपली सही कशी दिसेल याचा विचार करत होता. थोड्या वेळाने वेल्डन आत आला. तो आला तो आईच्या आणि बापाच्या मध्ये येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. त्याच्या बुटांना काळी माती लागलेली होती.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "पाहिला मी त्याला. बुंध्यापाशी उभा होता, तिथली माती खुराने उकरत. माझ्याकडे बघत राहिला. मग तुमच्या डोंगराकडे गेला."

"टोकं किती?" अर्विलने विचारलं.

"दहा. आणि उजव्या शिंगाचं एक खाली वळलेलं. तुम्ही सांगितलं होतं तस्सं."

अर्विलने पोराकडे नीट पाहिलं. पोरगा पाद्रीबुवांकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ओर्फाने समोरचं भजनाचं पुस्तक उघडलं आणि पानात तोंड घालून पुटपुटली, "तुझाच मुलगा आहे. तपशील जास्त देतो."

जेवण झाल्यावर ओर्फाने चूल पेटवायला कागद मागितला, तेव्हा वेल्डनने गाडीतला कागद आणून दिला.

तेव्हापासून तो दर नोव्हेंबरात आला. खिंडीत त्याने एकही हरीण मारलं नाही, पाहिलंही नाही, पण दर खेपेला ओहायोतून चाटण विटांचे खोके आणायचा आणि लोंझोच्या गाई त्याची वाट बघत कुंपणापाशी उभ्या असायच्या. अर्विलचा खांदा धरायला लागला, तसा उन्हाळ्यातल्या आइस्क्रीमलाही तो यायला लागला. दांडा तोच फिरवायचा. शेवटी बादली उचलून खारं पाणी आजोबा आणि बाप ओतायचे तिथेच ओतायचा आणि परत येऊन बापाच्या शेजारी बसून विचारायचा, की बाबा, आपल्या डोंगरात एवढं घालतो, तरी हरणं येत का नाहीत? अर्विल म्हणायचा, धीर धर. चर्चमागच्या काळ्या मातीत एकदाच गवत उगवलं, तेही फार टिकलं नाही.

अर्विल कॉडिल लुडीच्या लग्नानंतर अकराव्या वर्षी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, झोपेत वारला. त्याला चर्चमागे आईच्या शेजारी, बुंध्याकडच्या टोकाला पुरलं. ओर्फा त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. आता यायला मयतही उरलं नव्हतं, तरी नोव्हेंबरात वेल्डन चाटण विटांचे खोके घेऊन आला.